पन्नास तास दहा मिनिटं

गुरुवार, ६ ऑक्टोबर

जुनी वही काल संपली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर नेहमीप्रमाणे यादी. माझ्या हातांनी आजवर केलेल्या वस्तू:

नावा एकोणतीस. त्यांतल्या सत्तावीस अजून चालतात, एक वादळात गेली, एक माझ्या मेव्हण्याने खडकावर घातली. हे राहतं घर, पायापासून धुरांड्यापर्यंत. चर्चची अकरा बाकं. बर्फावरच्या घसरगाड्या चौदा. बायको मेल्व्हिनाची शिवणाची पेटी, एकही खिळा न मारता. माझ्या आईची शवपेटी. शेजारच्या सेल्बीच्या बापासाठी दातांची एक कवळी. ती त्याने मरेपर्यंत वापरली, फक्त जेवताना काढून ठेवायचा.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. बाप बुडाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. चौदाव्या वर्षी किनाऱ्याला लागलेल्या एका फुटक्या नावेला सुतळी लावून लावून मापं घेतली, त्यावरून साचे कापले. आज सत्तावन्नाव्या वर्षीही तेच साचे वापरतो.

सरकारचा कागद आला आहे. ट्विलिक बेटावर आता सतरा घरं उरली. तेरा घरांनी 'हो' लिहून दिलं तर बोट बंद, वीज बंद, आणि प्रत्येक घराला बेट सोडण्याचे पैसे. आकडा लिहून मी वहीचं पहिलं पान खराब करणार नाही. कागद साखरेच्या डब्याखाली ठेवला आहे. मेल्व्हिना त्यावर काही बोलत नाही. मीही विचारलेलं नाही. तिचं मत माझ्याहून वेगळं असायचं काही कारण नाही.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

पहाटे चारला बेंबीभोवती दुखू लागल्याने जाग आली. घड्याळ बघून ठेवलं. सव्वासहाला एकदा उलटी. कालचं खारवलेलं मांस भिजवताना पाणी एकदाच बदललं असणार, असं मेल्व्हिनाला म्हणालो. ती म्हणाली, त्याच पातेल्यातलं तिनेही खाल्लं.

दुपारपर्यंत दुखणं उजवीकडे सरकलं. पट्टी लावून जागा मोजली: कमरेच्या उजव्या हाडापासून बेंबीच्या दिशेने बरोबर दोन इंच. इतक्या नेमक्या ठिकाणी दुखतं म्हणजे स्नायूच. मंगळवारी नव्या नावेचा कणा एकट्याने उचलला, त्याची लचक. शिवाय पोट साफ नाही. दोन मोठे चमचे एरंडेल घेतलं आणि गरम पाण्याची पिशवी ठेवली. हा आमचा पिढ्यांचा उपाय, आणि त्यात खोट निघालेली मी पाहिलेली नाही.

संध्याकाळी मेल्व्हिना दार लोटून अर्धा तास फोनवर होती. बहिणीशी, म्हणाली. बहिणीला कमी ऐकू येतं, तरी इतक्या हळू आवाजात का बोलते कळत नाही. बाहेर येऊन विचित्र प्रश्न विचारले. खोकल्यावर दुखतं का. भूक आहे का. एका पायावर उडी मारून दाखव, म्हणाली. मी सत्तावन्न वर्षांचा माणूस, उड्या मारून दाखवत नाही, असं सांगितलं. नंतर शेडमध्ये जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून, एक मारली. दुखलं. पण तिथली जमीन कडक आहे.

मेल्व्हिना पलीकडच्या रुग्णालयात जाऊ या म्हणते. लचकेसाठी समुद्र ओलांडणारा माणूस मी नाही. रात्री आणखी एक चमचा घ्यायला गेलो तर एरंडेलाची बाटली जागेवर नाही. या बाईच्या घरात वस्तू पाय फुटल्यासारख्या चालतात.

शनिवार, ८ ऑक्टोबर

नावा ओढायचा दिवस. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. हिवाळ्याआधी सगळी घरं मिळून एकेक नाव दोराने वर ओढून घेतात. हाळी मी देतो. बाकीचे दोराच्या आधी तरी ओरडतात नाहीतर नंतर, आणि मग नाव उतारावर आडवी होते. तेव्हा घरी राहायचा प्रश्न नव्हता.

चालताना थोडा वाकलो होतो. सेल्बी नॉफ्टल म्हणाला, "काय रे हेडली, पडलेलं नाणं शोधतोयस का?" मी म्हणालो, तुझी अक्कल शोधतोय, नाणं सापडलं असतं. सगळे हसले. मेल्व्हिना हसली नाही.

सेल्बीने या वर्षी आपली नाव ओढली नाही. राहू दे अजून दोन दिवस पाण्यात, म्हणाला. प्लॅस्टिकची टोपली ती, मागे शंभर घोड्यांच्या ताकदीचं यंत्र लावलेली. तिला काळजीने वागवायची तरी कशाला. वीस वर्षं सांगतोय त्याला, लाकडाची घे. आळशी माणूस.

एक वाजून दहा मिनिटांनी, माझी स्वतःची नाव अर्ध्या उतारावर असताना, हाळी देऊन दोरावर अंग टाकलं आणि पोटातली गाठ कुणी सोडावी तसं दुखणं गेलं. एका क्षणात. तेहतीस तास दहा मिनिटं टिकलं होतं. ताठ उभा राहिलो आणि दोन नावा आणखी ओढल्या. आपल्या अंगाची ओळख आपल्याइतकी कुणाला नसते, हे आज पुन्हा सिद्ध झालं. एरंडेलाने उशिरा का होईना काम केलं.

घरी येऊन मेल्व्हिनाला सांगितलं, दुखणं पार गेलं. ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. आनंदाने. बायकांना असं होतं.

सोमवारी थँक्सगिव्हिंग, आभाराचा सण, पण तिने आज काहीच शिजवलं नाही. चूल पेटत नाही, म्हणाली. ती चूल मीच बसवली आहे, ती पेटते. अर्धा कप चहा मागितला तोही दिला नाही, फक्त ओठ ओले करायला ओला रुमाल दिला. मी वाद घातला नाही, कारण भूक नव्हती.

रात्री नऊ. थोडी हुडहुडी. दोराजवळ वारा लागला.

बुधवार, १२ ऑक्टोबर. रुग्णालय

रविवारचं पान कोरं राहिलं. ते आज भरतो. वेळा मेल्व्हिनाकडून घेतल्या आहेत. तिने त्या आपल्या विणकामाच्या नमुन्याच्या मागे लिहून ठेवल्या होत्या. का लिहिल्या विचारलं, तर म्हणाली, तुला लागणार हे माहीत होतं.

रविवारी पहाटे पाचला ताप ३९.४. पोट फळीसारखं कडक. चांगल्या वाळलेल्या बर्चच्या फळीसारखं. हात लावून मलाच आश्चर्य वाटलं. बोलायचा प्रयत्न केला तर दात वाजत होते. सेल्बी दारात उभा होता, बूट घालून. माझ्या शेडचं दार बिजागऱ्यांतून काढलं, मला त्यावर झोपवलं आणि धक्क्यावर नेलं. दार मीच केलेलं. तीन आडव्या पट्ट्या, वाकलं नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी बेट सोडलं. त्या प्लॅस्टिकच्या टोपलीतून. माझ्या नावेला हेच अंतर दोन तास लागतं, सेल्बीने एक तास पाच मिनिटांत कापलं. एरवी मी असं लिहिलं नसतं. सेल्बीच्या आळसामुळे नाव पाण्यात होती, हे नशीब. टाकी काठोकाठ भरलेली होती, हेही नशीब. सेल्बी कधीच टाकी भरून ठेवत नाही. पलीकडच्या धक्क्यावर रुग्णवाहिका आधीच उभी होती. रविवारी सकाळी, तेवढ्या लवकर. नशिबाने इतकं माप मला आयुष्यात कधी दिलं नव्हतं.

रस्ता दोन तास दहा मिनिटं. रुग्णालयात तपासण्या एक तास पंधरा. दहा चाळीसला टेबलावर. अपेंडिक्स फुटलेलं होतं, आणि फुटून जवळजवळ एक दिवस झाला होता.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर एबिएरे डाप्पा. चाळिशीच्या, ठेंगण्या, हात माझ्या हातांच्या निम्मे. पोट उघडून धुतलं, एक नळी ठेवली आहे. आज पट्टी बदलताना टाके पाहिले. नऊ. दोन टाक्यांमधलं अंतर शेवटपर्यंत सारखं. मी इतकं सरळ काम दुसऱ्या कुणाचं फारसं पाहिलेलं नाही. पण खालची दोन इंच फट उघडीच सोडली आहे, आत नुसता ओला कपडा कोंबून. मी विचारलं, काम अर्धवट का ठेवलंत.

त्या म्हणाल्या, "मिस्टर स्पार्क्स, तुम्ही नावा बांधता ना? आतलं लाकूड कुजकं असताना वरून रंग देता?"

मी म्हणालो, नाही.

"मग."

त्यांचं गाव नायजेरियात, नदीच्या मुखाशी. लहानपणी शाळेत नावेतून जायच्या. कुठल्या लाकडाची, विचारलं. त्यांना आठवेना, म्हणून अमुक रंग, अमुक वजन असं विचारत बसलो, तोवर नर्स ब्राइड आली आणि म्हणाली, "चल बाळा, पाय खाली."

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

ब्राइड नर्स माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल आणि सगळ्यांना बाळा म्हणते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून चालवते आहे. मी सांगितलं, नाव दुरुस्त केल्यावर तिला लगेच समुद्रात घालत नाहीत. ती म्हणाली, तू नाव नाहीस, पडून राहिलास तर छातीत कफ भरेल, पायात रक्त गोठेल, आणि मग मला फार कागद भरावे लागतील. वऱ्हांडा दारापासून दारापर्यंत चव्वेचाळीस पावलं. आज तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीत पोटाला उशी धरायची. पोट धरून चाललो की वेदना निम्मी होते, ही युक्ती चांगली आहे. ती मला सुचायला हवी होती.

शेजारच्या खाटेवरचा अॅलॉयशियस मर्नाघन आज घरी गेला. वय चौऱ्याहत्तर. साखरेचा आजार. त्याचंही अपेंडिक्सच, पण तीन छोट्या भोकांतून काढलं, आणि बुधवारी संध्याकाळी आलेला माणूस शुक्रवारी सकाळी पायात बूट घालून बसला. मी विचारलं, दुखायला लागल्यापासून किती वेळाने आलात. म्हणाला, सहा तास. इतक्या लवकर कसं सुचलं? म्हणाला, "पोरा, मला कुठलं सुचतंय. बायको गाडी चालू करून बसली आणि भोंगा वाजवत राहिली. शेजारी खिडकीत आले. लाजेने गेलो."

तो गेल्यावर मोजलं. माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा, आणि साखर.

शनिवार, १५ ऑक्टोबर

ताप पुन्हा. जखम लाल झाली होती, दोन टाके काढून पू वाहू दिला. डाप्पाबाईंना मी सरळ विचारलं: एक माणूस तीन दिवसांत घरी जातो आणि एक सडत पडतो, याची कारणं मोजता येतात का? त्या म्हणाल्या, बरीच येतात. माझ्याकडे पाठकोरा कागद होता. त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि मी लिहून घेतलं.

वय. वाईट, पण एकटं वय नव्हे. साखर, हृदय, फुप्फुसं. तंबाखू: माझा पाइप, चाळीस वर्षं, जखमेला रक्त कमी पोचतं. फुटलं की नाही फुटलं: सगळ्यांत मोठं. फुटलेल्याची जखम पिकण्याची शक्यता कितीतरी पट जास्त. जुलाबाचं औषध: कधीच नको, फुटायला मदत करतं. औषधं सुरू व्हायला लागलेला वेळ. किती लवकर उठून चालला. रिकामं पोट होतं की भरलेलं.

"तुमचं पोट अगदी रिकामं होतं. ते फार बरं झालं," त्या म्हणाल्या.

चूल पेटत नव्हती, मी सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, आणि अंतर? आमचं बेट? त्या म्हणाल्या, अंतर मोजायलाच हवं. पण आधी हे सांगा, दुखायला लागलं कधी आणि तुम्ही उठलात कधी.

त्यांना बरोबर सांगितलं. शुक्रवार पहाटे चार. रविवार सहा दहा. त्यांनी आकडे ऐकले, मान हलवली आणि गेल्या. वजाबाकी माझ्यावर सोडली.

रविवार, १६ ऑक्टोबर

वजाबाकी केली. तीनदा केली.

पहिल्या दुखण्यापासून टेबलापर्यंत एकूण: चोपन्न तास चाळीस मिनिटं.
समुद्र: एक तास पाच.
रस्ता: दोन तास दहा.
रुग्णालय: एक तास पंधरा.
हेडली स्पार्क्स: पन्नास तास दहा मिनिटं.

सोमवार, २४ ऑक्टोबर. घर

पंधरा दिवसांनी घरी. सेल्बीने त्याच नावेतून आणलं आणि सगळा वेळ इतकं हळू चालवलं की मीच म्हणालो, जरा पळव. "शेवटी म्हणालास," तो म्हणाला.

धक्क्यावर सोळाही घरांची माणसं. कुणी बटाटे, कुणी रानबेरीचा मुरंबा, कुणी मूस हरणाच्या मांसाचा रस्सा बरणीत. माझ्या शेडला नवं दार कुणीतरी लावून ठेवलं आहे. पट्ट्या दोनच मारल्या आहेत आणि बिजागरी पाव इंच खाली आहे. दुरुस्त करणार नाही.

खोलीत आल्यावर का कोण जाणे डोळे भरून आले. औषधांचा परिणाम असावा. मेल्व्हिना रोज दोनदा जखमेत ओला कपडा भरते. तिचा हात डाप्पाबाईंसारखाच हलका आहे. एकतीस वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाइप शेडमध्ये ठेवून दिला. पेटवलेला नाही.

शनिवार, ५ नोव्हेंबर

जखम इंचावर आली. सेल्बी येऊन बसला होता. साखरेच्या डब्याखालचा कागद त्याला दिसला. मी सोडणार हे तुला माहीत आहेच, म्हणाला. त्याच्या मुली पलीकडे, नातवंडं पलीकडे. दोष देण्यासारखं त्यात काही नाही. पण जाताना म्हणाला की पाच घरं काठावर होती, ती आता झुकली. मी विचारलं, कशाने झुकली?

"तुझ्यामुळे रे. हेडलीसारखा घट्ट माणूस मरता मरता वाचला, मग आमचं काय, म्हणतात. डॉक्टर नाही, नर्स पंधरा दिवसांतून एकदा, मधे समुद्र. तू आमच्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा झालायस."

समुद्राला बोलता येत नाही. त्याच्यावर पन्नास तास टाकले तर तो नाही म्हणणार नाही. गप्प बसलो तर एरंडेल, पट्टीने मोजलेली जागा, दोन जास्तीच्या नावा, यातलं कुणालाच काही कळणार नाही. मी घट्ट माणूस राहीन. आणि बेट जाईल.

शनिवार, २६ नोव्हेंबर

आज चर्चच्या हॉलमध्ये सभा. माझ्याच बाकांवर बसलेले सगळे.

सेल्बीने मुद्देसूद मांडलं. शेवटी म्हणाला, हेडलीला मी तासाभरात पोचवलं. मग माझ्याकडे बघून, एक तास पाच मिनिटं, नाहीतर तो दुरुस्त करेल. लोक हसले. मग म्हणाला, पण वारा असता तर? पाच घरांच्या माना हलल्या, मी मोजल्या.

मी उठलो. सकाळपासून ठरवलं नव्हतं. म्हणजे ठरवलं होतं, उठणार नाही असं. पाठकोरा कागद खिशात होता. तो वाचून दाखवला. समुद्राचे एक तास पाच. रस्त्याचे. रुग्णालयाचे. मग माझे. दुखणं पट्टीने मोजलं हे सांगितलं. एरंडेल तीन वेळा घ्यायचं होतं, बाटली हरवली म्हणून एकदाच घेतलं, तेही सांगितलं. अपेंडिक्स फुटलं त्या क्षणी मी बरा झालो असं वहीत लिहिलं, हेसुद्धा सांगितलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा मर्नाघन सहा तासांत उठला हेही. म्हणालो, जायचं त्याने जावं, नातवंडांसाठी जावं, पण माझ्यामुळे जाऊ नये, कारण मला समुद्राने नव्हे, मीच मारायला काढलं होतं. वाचलो ते देवाच्या कृपेने आणि नशिबाने: नाव पाण्यात होती, टाकी भरलेली होती, रुग्णवाहिका उभी होती आणि त्या दिवशी चूल पेटत नव्हती.

तेव्हा सगळा हॉल हसला. मला कळेना. मी काही विनोद केला नव्हता. मेल्व्हिना मान खाली घालून विणत होती.

सेल्बी जागेवरूनच म्हणाला, "हेडली, लेका, नशिबाचं नाव मेल्व्हिना आहे. शुक्रवारी संध्याकाळी फोनवरच्या नर्सने तिला सगळं सांगितलं होतं. एरंडेल नको, खायला नको, तयार राहा. शनिवारी सकाळी ती माझ्या दारात पेट्रोलचा डबा घेऊन उभी होती. नाव ओढू नकोस, म्हणाली. मी म्हटलं, आत्ताच उचलून नेऊ. ती म्हणाली, शुद्धीत असेपर्यंत तो येणार नाही."

मी खाली बसलो. बाक माझंच, पण कधी इतकं कडक लागलं नव्हतं.

रविवार, २७ नोव्हेंबर

आज सकाळी ती जखमेची पट्टी बदलत असताना मी विचारलं, आधीच का नाही सांगितलंस.

"सांगितलं. नऊ वेळा. मीही मोजते."

मग मी साखरेच्या डब्याखालचा कागद काढला आणि विचारलं, तुला काय हवं आहे. तिने हातातला कपडा खाली ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा विचारतोयस, म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्याने जास्त लागलं. मग खिडकीबाहेर बघत सांगत राहिली: बहिणीकडच्या गावात दोन महिने काढले तर तिला झोप लागत नाही, पाण्याचा आवाज नसतो. इथे तिच्या आईची कबर. इथे चर्चची पेटी ती वाजवते, ती गेली तर कोण. पण त्या शनिवारी मी ताठ उभा राहून दुखणं गेलं म्हणालो, तेव्हा नर्सचे शब्द तिच्या कानात होते: अचानक थांबलं तर समजा फुटलं. आणि मी ओटा धरून हसत होतो. ती म्हणाली, असा एक दिवस पुन्हा काढायचा असेल तर मी आजच सही करून जाते, तुझ्याशिवाय.

मी म्हणालो, काय करू सांग.

"मी 'नावेत बस' म्हटलं की बसायचं. विचारायचं नाही, मोजायचं नाही. नाव कुणाचीही असो. लाकडाची असो, प्लॅस्टिकची असो."

मी म्हणालो, बसेन.

"लिही."

म्हणून लिहितो आहे. ती मागे उभी राहून वाचते आहे. मेल्व्हिना 'नावेत बस' म्हणाली की मी बसेन. तिने सरकारी कागद स्वतः भरला. 'नाही'वर खूण करताना पेन इतकं दाबलं की खालच्या टेबलावर उमटलं. ते घासून काढणार नाही.

शनिवार, १० डिसेंबर

जखम काल पूर्ण मिटली. ब्राइड नर्सला फोन करून सांगितलं. शाबास बाळा, म्हणाली. डाप्पाबाईंना पार्सल पाठवलं: एक फूट लांबीची नाव, त्यांनी सांगितलेल्या रंगाचं आणि वजनाचं लाकूड इथे मिळत नाही म्हणून बर्चची. तळाला टाक्यांसारखे नऊ खिळे, सारख्या अंतरावर.

निकाल लागला. 'हो' अकरा, 'नाही' सहा. तेरा झाले नाहीत; बेट राहिलं. सेल्बीचं मत 'हो'मध्येच, त्याने लपवलं नाही. ज्याने मला उचलून नेलं त्याचंच मी अडवलं, हे मनातून जात नाही. तसं त्याला म्हणालोही. तो म्हणाला, मुली उन्हाळ्यात येतील, त्यांना बोटभाडं तू दे. देणार आहे.

आणखी एक हिशेब करायचा राहिला आहे, तो इथे लिहून ठेवतो. हे सगळं फेब्रुवारीत झालं असतं, बर्फ भरलेलं असतं, आणि मी सहाव्या तासाला उठलो असतो, तर? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. हेलिकॉप्टरसाठी शाळेमागची सपाट जागा मोकळी करावी म्हणून पंचायतीला पत्र दिलं आहे. जागा मोजली आहे. पुरेशी आहे, दोन झाडं काढावी लागतील.

पहिल्या पानावरच्या यादीत भर: माणूस झोपवून न्यायची एक फळी, साडेसहा फुटी, चार पट्टे, सहा मुठी. माप सेल्बीच्या प्लॅस्टिकच्या नावेचं घेतलं; चौदाव्या वर्षी मापं घेतली होती त्याच सुतळीने. फळी तिच्यात बरोबर बसते, एक सूतही हलत नाही. ती तिथेच राहील. मेल्व्हिनाने आधी मला तिच्यावर झोपवून पट्टे बांधून पाहिले, आणि सोडायला जरा वेळच लावला.

आणि पहिल्या पानावर लिहिला नव्हता तो आकडा. नाकारलेला प्रस्ताव: ट्विलिक बेटावरचं घर, शेड आणि धक्का कायमचा सोडून जाणे. दोन लाख पन्नास हजार डॉलर.